हनुवटीखालची टिकली

उमेश आवटींना जेवताना बघितलं की भरल्या पोटीही माणसाला भूक लागायची. कुपवाडच्या कारखान्यात ते मेन्टेनन्स फिटर होते, तेव्हा दुपारच्या सुट्टीत निम्मं खातं त्यांच्या डब्याभोवती गोळा व्हायचं. डब्यात राजेशाही काही नसायचं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखादी उसळ आणि नंतर तोंडात टाकायला पुडीभर भडंग. पण ते इतक्या निष्ठेनं जेवायचे, की शेजारचा आपला पुलाव बाजूला सारून त्यांच्यापुढे हात पसरायचा. अशा माणसाला साठी उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की यापुढे मीठ जवळजवळ बंद.

उमेशरावांचं हृदय बंद पडलं नव्हतं, दमलं होतं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. ते जास्तीचं पाणी ढकलत सगळीकडे फिरवायचं काम हृदयाचं. दमलेल्या हृदयाला ते झेपेनासं झालं की पाणी आधी पायांत उतरतं आणि मग फुप्फुसांत साठतं. डॉक्टरांनी हृदयाला पंप म्हटल्याबरोबर उमेशरावांना सगळं समजलं, आयुष्य पंप दुरुस्त करण्यात गेलं होतं त्यांचं. समजलं, पण पटलं मात्र नाही.

त्यांची बायको सारिका. हे नाव ऐकून हल्लीच्या मुलांना हसू येतं, कारण आता सगळ्या आज्यांची नावं सारिका, रूपाली नाहीतर वैशाली असतात. सांगलीत विश्रामबागला तिचा शिवणाचा क्लास होता. कापडाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही, स्वयंपाकाच्या बाबतीत तर मुळीच नाही. पण मिठापुढे तिनं हात टेकले. पहिलं वर्ष घरात नुसतं युद्ध चाललं होतं. गॅसवर दोन आमट्या, दोन भाज्या. एक उमेशरावांची अळणी आणि एक बाकीच्यांची. अळणी आमटीकडे ते अशा नजरेनं बघायचे, की सारिकाला वाढताना अपराधी वाटायचं. मग स्कूटरच्या डिकीत भडंगाची पुडी सापडायची, त्यावरून दोन दिवस अबोला व्हायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुडी डिकीतून गच्चीवरच्या कुंडीमागे जायची. एकदा तर तिनं चक्क त्यांच्या बोटांचा वास घेतला होता.

"चाळीस वर्षं तुझ्या हातचं खाल्लं," ते तेव्हा म्हणाले होते, "आणि आता तू माझ्या हाताचा वास घेतेस होय?"

या युद्धात तह घडवून आणला तो मुलानं. वेदांत एक दिवस एक छोटा बॉक्स घेऊन आला, आणि त्या बॉक्समध्ये चार टिकल्या होत्या.

टिकली म्हणजे खरोखर टिकलीएवढी, कातडीच्या रंगाची चकती. जेवायला बसताना हनुवटीखाली चिकटवायची, आणि तिची जोडीदारीण मानेवर, केसांच्या आत. त्यातलं शास्त्र जुनंच होतं, फक्त ते एवढ्याशा जागेत कुणी बसवलं नव्हतं. मीठ पाण्यात विरघळलं की त्यातले सोडियमचे कण सुटे होतात. या कणांवर विजेचा भार असतो आणि तेच जिभेला खारट लागतात. जाणवणारही नाही इतका बारीक प्रवाह हनुवटीतून सोडला की ते कण जिभेपासून मागे खेचले जातात. प्रवाह तोडला की सगळे एकदम जिभेवर येऊन पडतात. ही खेच आणि सोड भराभर चालू ठेवली, की चिमूटभर मीठ जिभेला चमचाभर वाटतं. पोटात मात्र चिमूटच जाते.

पहिल्या दिवशी सारिकानं मुगाची अळणी आमटी वाढली. उमेशरावांनी एक भुरका मारला आणि थांबले. दुसरा मारला. मग वाटी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आलेले सारिकाला दिसले आणि तिनं मुकाट्यानं भाकरीचा दुसरा चतकोर त्यांच्या ताटात टाकला.

त्या दिवसापासून गॅसवरचं दुसरं पातेलं गेलं. सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक, पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या मिठाचा. वेदांत, त्याची बायको अन्वी, सारिका आणि उमेशराव, चौघांच्या हनुवटीखाली टिकल्या. "तुम्ही अळणी खाणार आणि आम्ही काय खारं खाऊ?" असं सारिका म्हणाली होती. त्यांच्यासमोर खारं तिच्या घशाखाली उतरलंच नसतं. उमेशरावांच्या पायांची सूज उतरली, ते चालत मार्केट यार्डापर्यंत जाऊ लागले, गोळ्याही कमी झाल्या. सारिकाला या टिकलीपुढे उदबत्ती लावावीशी वाटायची. तिनं तसं अन्वीला सांगितलंही होतं, आणि दोघी हसल्या होत्या.

स्वयंपाक करतानासुद्धा दोघी टिकली लावूनच ठेवायच्या. सुरुवातीला सारिका तशीच चव घेऊन बघायची, पण मग सगळं अळणी लागायचं आणि हात आपोआप मिठाच्या बरणीकडे जायचा. त्यापेक्षा टिकली लावून तळहातावर थेंब घेतला की जीव शांत राहायचा.

दुसऱ्या वर्षी कंपनीनं टिकलीत सुधारणा पाठवली. लोकांची तक्रार होती, की टिकली लावून लग्नाकार्यात जेवायला बसलं तर सगळं खारट लागतं. म्हणून आता टिकलीला उलटंही करता येऊ लागलं. लाळेतून वीज किती सहज वाहते ते ती मोजायची. कमी वाहिली तर चव चढवायची, जास्त वाहिली तर कणांना जिभेपासून धरून ठेवायची आणि चव उतरवायची. मीठ नेमकं किती आहे हे काही तिला कळत नव्हतं. चिंचेच्या पाण्यातूनही वीज सहज वाहते. तिला एवढंच ठाऊक असायचं, की या माणसाच्या जिभेला कोणती पातळी आवडते, आणि ती पातळी ती राखायची. आता तुमचा स्वयंपाक कधीच बिघडणार नाही, असं जाहिरातीत म्हटलं होतं. ते खरंच होतं, आणि घोळ नेमका तिथंच झाला.

पाडव्याला अन्वीचे वडील जेवायला येणार होते. सुनील कोरे, जतला त्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान. माणूस मऊ बोलणारा, पण टिकलीच्या बाबतीत ठाम. जिभेवर वीज सोडून घ्यायला आपण काही बोअरवेल नाही, असं ते म्हणायचे.

पुरणपोळी आणि कटाची आमटी. कट म्हणजे पुरणाच्या डाळीचं वरचं पाणी. त्यात काळा मसाला, भाजलेलं खोबरं आणि चिंच पडली की त्याची जी आमटी होते, तिच्यासाठी उमेशराव जीव टाकायचे. सकाळी सारिका आमटीला फोडणी देऊन मीठ घालायला गेली आणि तिचा हात थांबला. टिकली नसलेल्या व्याह्यांना ही आमटी अळणी लागणार. सणाच्या दिवशी व्याह्यांच्या पानात अळणी आमटी वाढायची तिला लाज वाटली. नेहमीचं माप घालून तिनं वर अर्धं माप आणखी घातलं. एवढ्यानं काही होत नाही, असं स्वतःला सांगितलं. तळहातावर थेंब घेऊन चाखला, अगदी बेतात होता. मग ती गुढीला साडी नेसवायला गच्चीवर गेली.

ती वर गेली आणि अन्वी स्वयंपाकघरात आली. अन्वीच्या मनातही तेच. आईंनी नेहमीचंच माप घातलं असणार, पप्पांना कसं जाणार हे, बिचारे काही बोलायचे नाहीत. तिनं बरणीत हात घातला आणि माहेरच्या सवयीनं, हाताच्या अंदाजानं, पातेलंभर आमटीला लागेल तेवढं मीठ टाकलं. सासऱ्यांना आज एकच वाटी वाढायची, हेही तिनं मनाशी ठरवलं. मग तळहातावर थेंब घेऊन बघितला. अगदी बेतात.

दोन बायका एका स्वयंपाकघरात वावरत असल्या की आमटीत दोनदा मीठ पडतंच कधीतरी. कुठल्या घरात पडलं नाही? पहिल्या घासाला कुणीतरी तोंड वाकडं करतं, एकमेकींकडे बघून हसू होतं, चार बटाटे आणि तांब्याभर पाणी आमटीत जातं आणि पुढची दहा वर्षं तो किस्सा सांगितला जातो. आवटींच्या घरी त्या दिवशी तोंड वाकडं करायला कुणाची जीभ मोकळीच नव्हती.

एक जीभ मोकळी होती, पण ती पाहुण्यांची. सुनीलरावांनी आमटीचा पहिला भुरका मारला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. आमटी कशी झालीये, असं सारिकानं विचारलं, तर फर्मास झालीये म्हणाले. अन्वी तव्याजवळ पोळ्या लाटत होती, त्यामुळे कुणाच्या वाटीत किती पडतंय हे बघायला तिला सवड नव्हती. सारिका आग्रह करून करून वाढत होती. सुनीलरावांनी दोन वाट्या संपवल्या आणि पाणी इतकं प्यायले, की उमेशरावांनी त्यांची थट्टा केली. ऊन फार आहे यंदा, असं ते म्हणाले. उमेशरावांनी स्वतः चार वाट्या रिचवल्या.

संध्याकाळी अन्वी वडिलांबरोबर दोन दिवस माहेरी गेली. वेदांत कामासाठी पुण्याला गेला. घरात उरले दोघं आणि अर्धं पातेलं आमटी. आता कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जशी मुरते तशी पहिल्या दिवशी लागत नाही, हे काही सांगायला नको. सकाळी भाताबरोबर, रात्री भाकरी कुस्करून, दुसऱ्या दिवशी पुन्हा भाताबरोबर. सारिका स्वतः आमटीची फारशी शौकीन नव्हती, ती आपली भाजी खायची. उमेशराव मात्र आमटीवर आणि बायकोवर दोन्हींवर खूश होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले आणि लगेच उठून बसले. पुन्हा आडवे झाले, पुन्हा उठले. झोपलं की छातीवर कुणीतरी बसतंय, म्हणाले. सारिकानं त्यांचे मोजे काढले, तर पोटरीवर तिच्या बोटाचा खड्डा तसाच राहिला. मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांना वाक्य पूर्ण करता येईना.

औषधानं पाणी उतरायला लागलं आणि त्यांचा श्वास सुटा झाला, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी सारिकाला बाजूला घेऊन विचारलं, की गेल्या दोन-तीन दिवसांत मीठ कुठून गेलं. सारिकाला तो प्रश्न झोंबला. आमच्याकडे मीठ औषधासारखं मोजून पडतं, असं ती म्हणाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, की लघवीच्या तपासणीत तर भरपूर दिसतंय.

मग राहिला एकच संशय. ती घरी जाऊन स्कूटरची डिकी बघून आली. त्यात एक पाना आणि एक फडकं होतं. कुंडीमागे काही नव्हतं. त्यावरून माणूस निर्दोष आहे असं तिच्या मनात यायला हवं होतं, पण तिला वाटलं, आता हे जास्त हुशार झालेत.

"कुठून आणून खाल्लंत?" तिनं खाटेशी उभं राहून विचारलं.

उमेशरावांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. त्यांनी नुसती मान हलवली.

"खरं सांगा. मी रागवणार नाही."

"नाही खाल्लं गं," ते म्हणाले. "तुझ्यासमोर जेवढं खाल्लं तेवढंच."

तिचा विश्वास बसला नाही, आणि तो बसला नाही हे त्यांना दिसलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सारिका खुर्चीत बसून राहिली. माणूस मरता मरता वाचलाय आणि अजून आपल्याशी खोटं बोलतोय, या विचारानं तिला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सुनीलराव अन्वीला घेऊन आले. डझनभर केळी आणली होती. दाराबाहेरच्या बाकावर बसून सारिकानं त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. किती जपलं, किती मोजून घातलं आणि हे कसे चोरून खात राहिले. सुनीलराव ऐकत होते आणि केळ्यांच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते.

"ताई, एक बोलू का? रागवू नका."

"बोला की."

"पाडव्याची आमटी फार खारट होती."

सारिकाला वाक्य कळलं, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागला.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार?" सुनीलराव म्हणाले. "लेकीच्या सासरी पानातल्या अन्नाला नाव ठेवायचं होय? मला वाटलं, अन्वीनं केली असेल. मी बोललो असतो तर तिला चार माणसांत खाली बघायला लागलं असतं. म्हटलं, तुम्ही सगळे तर मिटक्या मारत खाताय, माझंच तोंड बिघडलं असेल."

अन्वी भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरला. मीठ मी घातलं होतं, ती म्हणाली, पप्पांसाठी. मला वाटलं, तुम्ही कमीच घातलं असणार. सारिका म्हणाली, की मीही घातलं होतं, तुझ्या पप्पांसाठीच. आतून उमेशरावांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

सारिका तशीच घरी आली. फ्रिजमध्ये वाटीभर आमटी उरली होती. तिनं ती काढली, हनुवटीखाली हात लावून टिकली नाही याची खात्री केली आणि एक चमचा तोंडात घातला. तिला तो गिळवला नाही. बेसिनपाशी जाऊन थुंकली, चूळ भरली, तरी घशात आग होत राहिली. हीच आमटी ती तीन दिवस त्यांच्या वाटीत ओतत होती, घ्या की अजून थोडी म्हणून आग्रह करत होती. मग ती तिथंच ओट्याला धरून मोठ्यानं रडली. आणि त्यांच्यावर आपण चोरीचा आळ घेतला, हे आठवून आणखी रडली.

डॉक्टरबाईंनी नंतर सगळं ऐकून घेतलं आणि कुणालाच दोष दिला नाही. खारट लागल्यावर तोंड वाकडं होतं ती शरीरानं स्वतःसाठी ठेवलेली राखण आहे, त्या म्हणाल्या. टिकलीनं ती राखण झोपवली. पेशंटला टिकली हवी असेल तर लावू दे, तिच्या आधारानं मीठ कमी करता येतं हे खरंच आहे. पण जो स्वयंपाक करतो त्याची जीभ जागी पाहिजे. घरात एक तरी जीभ मोकळी ठेवा.

उमेशराव दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी सारिकानं त्यांची माफी मागितली. आळ घेतला, चुकलं माझं, असं सरळ म्हणाली. ते म्हणाले, की जाऊ दे, खरंच चोरून खाल्लं असतं तर निदान तुझी बोलणी खायला चव तरी आली असती. ती हसली. ते हसले नाहीत.

घर पुन्हा नीट चालू झालं. मीठ आता फक्त सारिका घालणार, तेही टिकली न लावता, हे ठरलं. जेवायला बसताना मात्र चौघांच्याही हनुवटीखाली टिकल्या असायच्या. पण उमेशरावांचं काहीतरी बिनसलं होतं. ते घास तोंडात घ्यायचे आणि चावता चावता थांबायचे. चांगलं लागतंय म्हणजे नक्की काय जातंय पोटात, हे कुणास ठाऊक, असं एकदा म्हणाले. आपल्याच जिभेवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. आधी दोन भाकऱ्यांची एक झाली, मग एकीची अर्धी. पोट भरलं म्हणून उठायचे. शर्ट खांद्यावर लोंबायला लागला, तेव्हा सारिकानं न सांगता त्याच्या शिवणी आत घेतल्या. ज्येष्ठ महिन्यात डॉक्टरबाईंनी वजन बघून कपाळाला आठ्या घातल्या. औषधं आपलं काम करतायत, त्या म्हणाल्या, पण हे असे जेवले नाहीत तर औषधांना तरी किती दिवस जोर राहणार?

सारिकानं हे त्यांना सांगितलं, तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"सारिका, आता पुष्कळ झालं असं वाटतं बघ मला," ते म्हणाले. "बाकी कशाचा शौक केला नाही मी. जेवणच काय ते होतं. आता तेही खोटंच आहे."

स्वयंपाकघरात जाऊन ती उगाचच डबे पुसत बसली. हा माणूस आता आपल्या डोळ्यांदेखत कमी कमी होत जाणार आणि आपण फक्त वाढत राहणार, या भीतीनं तिनं पुसलेले डबे पुन्हा पुसायला घेतले.

आषाढात एका सकाळी उमेशराव फ्रिजवरचा टिकल्यांचा बॉक्स पुसायला घेऊन बसले. चार खाचा, चार दिवे. त्यांची स्वतःची खाच रिकामी होती, दोन दिवे हिरवे होते आणि चौथा, खाचेत टिकली असूनही, लागत नव्हता. चौथी खाच सारिकाची. फिटर माणसाला बंद दिवा बघवत नाही. त्यांनी चष्मा लावला, तिची टिकली घेतली आणि नखानं मागची चकती उचकटली. आत सेल नव्हता. बिघडला नव्हता, मुळात नव्हताच. कुणीतरी तो नीट काढून घेतला होता.

सारिका भाकरी थापत होती. ते टिकली तळहातावर घेऊन ओट्याशी आले.

"ही बंद आहे."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तुम्ही घरी आलात तेव्हापासून."

"मग रोज लावून बसतेस कशाला?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "स्वयंपाकाला जीभ मोकळी पाहिजे म्हणाल्या ना डॉक्टरबाई. मग म्हटलं, जेवतानाही मोकळीच राहू दे, म्हणजे पक्की होईल. पण तुमच्यासमोर तशी बसले असते तर तुम्हाला घास गेला नसता. म्हणून."

उमेशरावांनी तळहातावरच्या रिकाम्या टिकलीकडे बघितलं. इतके महिने ही आपल्या शेजारी बसून खरोखरचं अळणी जेवत होती आणि छान झालंय म्हणत होती.

"जातं कसं तुला?"

मग सारिकानं सांगितलं. पहिले काही दिवस पुठ्ठा चावल्यासारखं वाटायचं. एकदा जेवता जेवता डोळ्यांत पाणी आलं, तर मिरची लागली म्हणून वेळ मारून नेली. मग हळूहळू जिरं कळायला लागलं. चिंच आणि आमसूल यांतला फरक कळायला लागला. ज्येष्ठात एक दिवस कांदा तोंडात गेला आणि तो इतका गोड लागला, की तिला वाटलं, अन्वीनं साखर घातली की काय. डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, की मीठ कमी मिळालं की जीभ बारीक लक्ष द्यायला लागते, थोड्यात भागवायला शिकते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. ज्वारीच्या भाकरीला स्वतःची चव असते, हे आपल्याला साठी उलटल्यावर कळलं, असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिला जरा संकोचच वाटला.

उमेशरावांनी हनुवटीखाली हात घातला. त्यांची टिकली न्याहारीपासून काढायचीच राहिली होती. ती त्यांनी सोलून काढली, मानेवरचीही काढली आणि दोन्ही ओट्यावर ठेवल्या. मग पाटावर बसले.

"वाढ."

"अहो, एकदम नको. थोडं थोडं करून."

"वाढ म्हणतो ना."

तिनं तव्यावरची भाकरी आणि घेवड्याची भाजी वाढली. त्यांनी तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला आणि चावत राहिले. सारिका हातातलं उलथनं तसंच धरून त्यांच्याकडे बघत होती.

"कसं लागतंय?"

"काहीच लागत नाही."

"जरासुद्धा नाही?"

"ओलं लाकूड चावतोय असं वाटतंय," उमेशराव म्हणाले. त्यांनी घास गिळला आणि दुसरा मोडला. "पण आहे ते हेच आहे, एवढं तर कळलं. किती दिवस लागले म्हणालीस तुला?"

"पाडवा झाल्यावर सुरू केलं, आता आषाढ चाललाय. तुम्ही तर जन्माचे खारट. तुम्हाला दिवाळी उजाडेल."

ते चावता चावता थांबले. त्यांनी दिवाळीचा हिशेब केला, आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर जुनं, लबाड हसू आलं.

"म्हणजे दिवाळीपर्यंत मला राहावंच लागणार की."

"राहावंच लागेल," सारिका म्हणाली. तिनं उलथन्याच्याच हातानं डोळे पुसले.

उमेशरावांनी ताट पुढे सरकवलं. "मग भाजी घाल अजून थोडी."

तिनं घातली.